अभयारण्यातल्या बाई : रेचेल कार्सन

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांची शाळेची सहल कधी ना कधी ‘वाइल्डलाइफ रेफ्यूज’ला जाते. तिथे गणवेशातले रेंजर भेटतात, दुर्बीण कशी धरायची ते दाखवतात आणि लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पाणथळीत घेऊन जातात. अशा जागेला मराठीत ‘अभयारण्य’ म्हणतात. शब्दाची फोड करून पाहा : अ, भय, अरण्य. जिथे पशुपक्ष्यांना भय नाही असे रान. अमेरिकेत अशी साडेपाचशेहून अधिक राष्ट्रीय अभयारण्ये आहेत. त्यांतले एक मेन राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर आहे आणि त्याला एका बाईंचे नाव दिले आहे. त्यांचे नाव रेचेल कार्सन. या अंकात त्यांची गोष्ट वाचू या. आई-बाबांनीही शेजारी बसून वाचावी, कारण शेवटी थोडे त्यांच्यासाठीही आहे.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल या लहान गावी झाला. तीन भावंडांत ती शेंडेफळ. घराभोवती सुमारे ६५ एकर जमीन होती. सफरचंदाची झाडे होती, कोंबड्या होत्या, थोडी जनावरे होती आणि जवळच ॲलेघेनी नदी वाहत होती. पैशांची मात्र कायम ओढाताण असे. गावात सरस बनवण्याचा कारखाना होता, त्याची दुर्गंधी सगळीकडे पसरे. सुंदर नदी आणि घाण वास, दोन्ही रेचेलने लहानपणीच पाहिले.

तिची आई मारिया लग्नापूर्वी शाळेत शिकवत असे. त्या काळी अमेरिकेतल्या शाळांमध्ये निसर्ग-अभ्यासाची एक चळवळ सुरू होती. मुलांना पुस्तकातले चित्र दाखवण्याआधी बाहेर न्यावे, खरे पान, खरे घरटे, खरा किडा पाहू द्यावा, असे त्या चळवळीचे सांगणे होते. मारियाबाईंनी ही शाळा आपल्या घरीच भरवली. मायलेकी तासन् तास रानातून, ओढ्याकाठाने हिंडत. घरात किडा शिरला तर मारियाबाई त्याला मारत नसत, उचलून बाहेर सोडत. रेचेलची ही पहिली बाई, म्हणजे पहिली शिक्षिका, तिची आईच होती.

रेचेलला लिहिण्याचाही नाद होता. ‘सेंट निकोलस’ नावाचे मुलांचे एक मासिक होते. त्यात मुलांनी लिहिलेले साहित्य छापत. १९१८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, रेचेलची एका वैमानिकाची गोष्ट त्यात छापून आली. आपल्या या पत्रकासाठी लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे!

पुढे ती पिट्सबर्गच्या महिला महाविद्यालयात गेली. शिक्षणाच्या खर्चासाठी आईने पियानोच्या शिकवण्या केल्या, घरातली चिनी मातीची चांगली भांडीसुद्धा विकली. रेचेल लेखिका होणार म्हणून इंग्रजी साहित्य शिकत होती. पण जीवशास्त्राच्या वर्गात मेरी स्किंकर या प्राध्यापिका भेटल्या आणि तिने विषयच बदलला. लेखन सुटले असे तिला त्या वेळी वाटले. खरे तर पुढे लिहिण्यासाठी तिला विषय मिळाला होता. १९२९ साली ती पदवीधर झाली आणि त्याच उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत गेली. समुद्र तिने तिथे पहिल्यांदा पाहिला. तोवर ती बावीस वर्षांची झाली होती. १९३२ साली तिने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.ए. केले.

तो काळ मोठ्या मंदीचा होता. पैशांअभावी पीएच.डी. सोडावी लागली. १९३५ साली वडील वारले आणि आईची जबाबदारी रेचेलवर आली. दोनच वर्षांनी बहीण वारली. तिच्या दोन लहान मुलींनाही आजी आणि मावशीने सांभाळले. याच सुमारास मत्स्यविभागाला रेडिओसाठी माशांवरचे कार्यक्रम लिहून हवे होते. प्रत्येकी सात मिनिटांचे असे ५२ कार्यक्रम होते. रेचेल कार्सन यांनी ते लिहिले. मग सरकारी परीक्षा देऊन १९३६ साली त्या त्याच विभागात जीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. अशा जागेवर नेमलेल्या त्या विभागातल्या दुसऱ्याच स्त्री. आता आपणही त्यांना मानाने कार्सनबाई म्हणू या.

अभयारण्यांची कहाणी इथून सुरू होते. अमेरिकेतले पहिले राष्ट्रीय अभयारण्य १९०३ साली फ्लोरिडातल्या पेलिकन आयलंडवर झाले. बायकांच्या टोप्यांना लावायला सुंदर पिसे हवीत म्हणून त्या काळी पक्षी मारले जात. त्यांना वाचवण्यासाठी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते चिमुकले बेट राखून ठेवले. त्यानंतर अशा जागा वाढत गेल्या. पण लोकांना प्रश्न पडे : एवढी चांगली जमीन बदकांसाठी कशाला अडवायची? इथे शेती का नको, शिकार का नको, घरे का नकोत?

१९४० साली मत्स्यविभाग आणि वन्यजीव विभाग एकत्र होऊन ‘फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस’ तयार झाली होती. महायुद्ध संपल्यावर कार्सनबाईंनी या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या पुस्तिकांची एक मालिका सुरू केली. ऑफिसात बसून जुन्या फायलींवरून त्यांनी ती लिहिली नाही. चित्रे काढणाऱ्या सहकारी मैत्रिणींना बरोबर घेऊन त्या स्वतः अभयारण्यांत गेल्या. गमबूट घालून चिखलात उतरल्या, पहाटे उठून पक्ष्यांची वाट पाहत बसल्या, तिथल्या रखवालदारांशी बोलल्या.

१९४६ सालच्या वसंतात त्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या शिंकोटीग अभयारण्यात गेल्या. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून येणारे ‘स्नो गूज’ नावाचे पांढरेशुभ्र हंस तिथे हिवाळा काढतात. लांबच्या प्रवासात आपण वाटेत गाडी थांबवून खातो-पितो, पाय मोकळे करतो. पक्ष्यांनाही तसे थांबे लागतात. वाटेतली एकेक पाणथळ बुजवली तर हजारो मैल उडणाऱ्या पाखरांनी उतरायचे कुठे? अभयारण्याचे काम समजायला एवढे पुरेसे आहे.

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॅटामस्कीटची गोष्ट तर फारच मजेदार आहे. हे सुमारे ४०,००० एकरांचे उथळ तळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही कंपन्यांनी प्रचंड पंप बसवून ते चक्क उपसून काढले आणि तळाच्या जमिनीत शेती केली. पण पाऊस आला की पाणी पुन्हा भरे. शेवटी खर्च परवडेना म्हणून सगळ्यांनी नाद सोडला. १९३४ साली सरकारने ती जागा अभयारण्यासाठी घेतली. तळे पुन्हा भरले, राजहंस आणि बदके परत आली. पंपघराच्या उंच धुराड्यात जिना करून त्याचा मनोरा केला, वर चढून सगळे तळे दिसे. जिथून पाणी उपसले, तिथूनच लोक पक्षी पाहू लागले!

मॅसॅच्युसेट्समधल्या पार्कर रिव्हर अभयारण्याला मात्र स्थानिक लोकांचा कडवा विरोध होता. कार्सनबाईंनी त्यांना मूर्ख ठरवले नाही. खाजणात बदके काय खातात, मासे आणि शिंपले त्याच खाजणावर कसे जगतात, म्हणजे पक्ष्यांचे आणि माणसांचे हित एकच कसे आहे, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. युटामधल्या बेअर रिव्हरवरची पुस्तिका त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिली. तिथे नदीचे पाणी शेतीकडे वळवल्यामुळे पाणथळी आटल्या आणि रोगाने असंख्य बदके मेली. मग बांध घालून पाणी अडवावे लागले. अभयारण्य म्हणजे नुसती कुंपण घातलेली जागा नव्हे. तिथे माणसांना रोज काम करावे लागते, हे या पुस्तिकांतून सामान्य वाचकाला पहिल्यांदा कळले असेल.

१९४९ साली कार्सनबाई या खात्याच्या सगळ्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या. दिवसा नोकरी आणि रात्री स्वतःचे लेखन, असा त्यांचा दिनक्रम होता. १९४१ साली आलेले त्यांचे पहिले पुस्तक महायुद्धाच्या गडबडीत कोणी फारसे घेतले नव्हते. पण १९५१ सालचे ‘द सी अराउंड अस’ हे समुद्रावरचे पुस्तक घरोघर पोचले. ८६ आठवडे ते सर्वाधिक खपाच्या यादीत होते. मग १९५२ साली त्यांनी नोकरी सोडली आणि मेनच्या किनाऱ्यावर एक छोटे घर बांधले.

त्यांच्या भाचीचा मुलगा रॉजर या घरी येई. नात्याने कार्सनबाई त्याच्या आजीची बहीण, म्हणजे आजीच की! तो जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांचा असताना एका वादळी रात्री त्यांनी त्याला पांघरुणात गुंडाळून समुद्रावर नेले. काळोखात लाटा आदळत होत्या, आणि आजी-नातू दोघेही आनंदाने हसत होते. पुढे ते रात्री टॉर्च घेऊन वाळूतले खेकडे पाहायला जात. पाऊस पडला की इतर मुले घरात बसत, हे दोघे मात्र रानात जात. तिथे जमिनीवर ‘रेनडिअर मॉस’ वाढलेले असे. हे खरे शेवाळ नव्हे, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या कुळातले आहे. उन्हात ते कुरकुरीत होते आणि पावसात स्पंजासारखे मऊ. रॉजर त्यावर बसून, उड्या मारून ते पाहत असे.

कार्सनबाई त्याला मुद्दाम काही शिकवत नसत. चालता चालता काही दिसले की त्या सहज नाव उच्चारत, आनंद व्यक्त करत, आणि पुढे जात. काही दिवसांनी पाहावे तर ती नावे त्याच्या तोंडी! १९५६ साली एका महिलांच्या मासिकात त्यांनी हा अनुभव लिहिला. मुलाला आधी आश्चर्य वाटू द्यावे, माहिती मागाहून येते. आश्चर्य टिकण्यासाठी मुलाबरोबर किमान एक मोठे माणूस हवे, आणि त्या माणसाला सगळ्या झाडापाखरांची नावे यायलाच हवीत असे मुळीच नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. पुढच्याच वर्षी रॉजरची आई वारली. पाच वर्षांच्या रॉजरला पन्नाशीला आलेल्या कार्सनबाईंनी दत्तक घेतले.

आता डी.डी.टी.कडे वळू. हे नाव तुमच्या आजी-आजोबांना चांगले माहीत असेल. १९५३ साली भारतात हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगावी घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारत. त्याने डास मेले आणि असंख्य माणसे वाचली, हे खरे आहे. कार्सनबाईंनीही ते कधी नाकारले नाही. पण मेरीलँडमधल्या पटक्सेंट या संशोधन-अभयारण्यात त्यांच्याच खात्याचे शास्त्रज्ञ डी.डी.टी.चा मासे आणि पक्ष्यांवर काय परिणाम होतो ते तपासत होते. १९४५ सालीच कार्सनबाईंनी त्यावर लेख लिहू का, असे एका मोठ्या मासिकाला विचारले होते. मासिकाने नकार दिला.

तेरा वर्षांनी, १९५८ साली, मॅसॅच्युसेट्समधल्या एका मैत्रिणीने कळवले की विमानातून डासांवर फवारणी झाल्यावर तिच्या अंगणातले पक्षी मरून पडले. कार्सनबाईंनी पुरावे गोळा करायला घेतले. मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या आवारात एल्मच्या झाडांवर डी.डी.टी. मारले होते. शरद ऋतूत पाने गळली. गांडुळांनी तो पालापाचोळा खाल्ला. वसंतात रॉबिन पक्ष्यांनी ती गांडुळे खाल्ली आणि ते मेले. पक्ष्यांवर कोणीच फवारले नव्हते! पान, गांडूळ, पाखरू ही साखळी त्यांनी लोकांसमोर मांडली. सप्टेंबर १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’, म्हणजे ‘मुका वसंत’, हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाखरेच उरली नाहीत तर वसंत मुकाच होणार.

रसायनांचे कारखानदार खवळले. या बाई भावनेच्या भरात बोलतात, यांना शास्त्र कळत नाही, अशी टीका झाली. सगळी औषधे बंद करा असे त्यांनी म्हटलेच नव्हते. अंदाधुंद फवारू नका, आधी परिणाम तपासा, लोकांना माहिती द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. अध्यक्ष केनेडी यांनी आपल्या शास्त्रज्ञ सल्लागारांना चौकशी करायला सांगितले. मे १९६३ मध्ये त्यांचा अहवाल आला. कार्सनबाईंच्या मुख्य म्हणण्याला त्यात दुजोरा होता.

या सगळ्या काळात त्यांना कर्करोग झाला होता, हे फार थोड्यांना माहीत होते. १९६० साली निदान झाले होते. पुस्तक पुरे करायचे होते आणि रॉजर लहान होता. सप्टेंबर १९६३ मध्ये मेनच्या किनाऱ्यावर त्या एका मैत्रिणीबरोबर बसल्या असताना समोरून मोनार्क फुलपाखरे एकामागून एक पश्चिमेकडे जाताना दिसली. ती परत येणार नाहीत हे दोघींना ठाऊक होते. तरी ते दृश्य दुःखाचे वाटले नाही, असे त्यांनी त्याच दिवशी मैत्रिणीला पत्रातून कळवले. १४ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५६ वर्षांचे.

१९७२ साली अमेरिकेत डी.डी.टी.च्या बहुतेक वापरावर बंदी आली. पांढऱ्या डोक्याचा गरुड, म्हणजे बाल्ड ईगल, डी.डी.टी.मुळे पातळ कवचाची अंडी घालू लागला होता. ती अंडी फुटून जात. १९६३ साली अलास्का वगळता देशभरात त्याच्या फक्त ४१७ जोड्या उरल्या होत्या. २००७ सालापर्यंत त्या दहा हजारांच्या जवळ पोचल्या. मेनच्या किनाऱ्यावर १९६६ साली खाजणे वाचवण्यासाठी झालेल्या अभयारण्याला काही वर्षांतच रेचेल कार्सन यांचे नाव देण्यात आले. वेल्स गावाजवळ तिथे सुमारे एक मैलाची पायवाट आहे. पाइनच्या सावलीतून ती जाते आणि खाली खाजणात भरती-ओहोटी दिसते.

१९९७ साली अमेरिकेच्या संसदेने अभयारण्यांसाठी एक कायदा केला. लोकांनी तिथे काय काय करावे याच्या सहा मुख्य गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. पर्यावरणाचे शिक्षण ही त्यांतली एक. म्हणजे तुमची शाळेची सहल हा अभयारण्याच्या कामाचाच भाग आहे. रेंजर तुम्हाला लांब दांड्याची जाळी देऊन डबक्यातले किडे पाहायला लावतात, दोन मिनिटे गप्प उभे राहून आवाज ऐकायला सांगतात. अशा वेळी मारियाबाईंची ती घरची शाळा आठवा.

आता थोडे आई-बाबांसाठी. आपल्याला आंबा, चिंच, कडुनिंब ओळखता येतो. इथली झाडे आणि पाखरे आपली वाटत नाहीत, नावे माहीत नसतात. म्हणून शाळेकडून आलेल्या परवानगीच्या कागदावर सही करून आपण मोकळे होतो. मूल सहलीहून येते आणि सगळे इंग्रजीत सांगते, कारण त्या चिखलाला, त्या गवताला मराठीत काय म्हणतात हे त्याने कधी ऐकलेलेच नसते. खाजण, ओहोटी, लव्हाळे, बगळा, गांडूळ, घरटे हे शब्द वर्गातल्या फळ्यावर लिहून फारसे टिकत नाहीत. चिखलात पाय रुतलेला असताना आईच्या तोंडून ऐकलेला शब्द मात्र विसरत नाही. नाव माहीत नसेल तर बिचकू नये. हे काय असेल रे, असे आपणच मुलाला विचारावे. मूल शाळेत ऐकलेले इंग्रजी नाव सांगेल, आपण मराठी शब्द द्यावा. दोघांनाही येत नसेल तर नुसते पाहावे. काही शाळा सहलीला सोबत म्हणून पालकांना बोलावतात. वर्षातून एकदा रजा काढून जरूर जावे. नाहीतर एखाद्या शनिवारी आपले आपण जावे.

मुलांनो, तुमच्यासाठी काम : घरापासून सर्वांत जवळचे अभयारण्य कोणते ते शोधा. आई, बाबा किंवा आजी-आजोबांपैकी एकाला तरी बरोबर न्या. तिथे पाहिलेल्या एका गोष्टीबद्दल मराठीत पाच ओळी लिहा आणि शेजारी चित्र काढा. नाव आले नाही तर रंग, आकार आणि आवाज लिहा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.